बेगमीचं माप

आई सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीला आली, तो २०१३ चा जून महिना. येऊन चारच दिवस झाले असतील. कपडे धुवायचं मशीन तळघरात होतं. ती खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही म्हणून मी बघायला गेले. मशीनशेजारच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, आणि तिच्या मांडीवर, शेजारी, पायाशी टूथपेस्टच्या खोक्यांच्या चळती लागल्या होत्या. चष्मा नीट करून ती एकेका खोक्याच्या टोकावरची तारीख वाचत होती.

"एकतीस आहेत," ती म्हणाली. मग मान वर करून अगदी साध्या आवाजात विचारलं, "अगं, किती जण आहात तुम्ही?"

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि तीन वर्षांची लेक.

त्या एकतीस खोक्यांपैकी बहुतेक मला फुकट पडली होती, हे मी तिला लगेच सांगितलं. कसं ते समजावूनही सांगितलं. पेस्टची किंमत २.९९ डॉलर. सेलमध्ये १.४९. रविवारच्या पेपरातल्या पुरवणीत कंपनीचं पाऊण डॉलरचं कूपन आलेलं. इकडची काही दुकानं तेव्हा एक डॉलरच्या आतलं कूपन दुप्पट धरायची, म्हणजे पाऊणचा दीड डॉलर झाला आणि पेस्ट शून्यात आली. पेपरच्या चार प्रती घेतल्या की चार कूपनं. आईने सगळं ऐकून घेतलं. तिला हिशोब कळला नाही असं नव्हतं, माझ्यातली हिशोबाची आवड तिच्याकडूनच आलेली आहे. ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि खोकी कपाटात परत लावायला घेतली, जवळच्या तारखेची पुढे, लांबच्या तारखेची मागे.

ती पेस्टची खोकी मी कशासाठी जमवत होते, ते मलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं. आता येतं.

मी २००९ मध्ये लग्न होऊन इकडे आले. एम.कॉम. झालेलं, सांगलीत एका सहकारी बँकेत तीन वर्षं नोकरी केलेली. पहिल्या पगारापासून घरात पैसे देत होते. इथे आले ती एच-फोर व्हिसावर. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : नवरा एच-वन-बी वर नोकरी करतो, त्याच्या बायकोला मिळतो तो हा व्हिसा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, गाडी चालवता येते, पण तेव्हा कमावता येत नव्हतं. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, तोसुद्धा मिळत नव्हता. वर ते दिवस मंदीचे, नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं एकेक करून कमी होत होती. एक पगार, वाढतं घरभाडं, आणि माझ्याकडे सकाळी आठ ते संध्याकाळी सात एवढा मोकळा वेळ. तो वेळ कुणाला विकायची मला कायद्याने बंदी होती.

शेजारी एक अमेरिकन आजी राहायच्या, एकट्याच. त्यांनी एका रविवारी दारात येऊन पेपरातली रंगीत पुरवणी माझ्या हातात ठेवली आणि मग त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन स्वतःचं बाइंडर दाखवलं. मुलं खेळाडूंची चित्रं जपून ठेवतात तसल्या नऊ खणांच्या प्लॅस्टिक पानांत त्यांनी कूपनं लावली होती, साबण एकीकडे, धान्याचे पदार्थ एकीकडे, मांजराचं खाणं शेवटी. बारकोड कसा वाचायचा तेही त्यांनीच शिकवलं. तेव्हा सुरुवातीचा आकडा ५ असला तर कूपन दुप्पट व्हायचं, ९ असला तर नाही. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या कागदाची रोख किंमत एका सेंटचा शंभरावा भाग. काही राज्यांच्या जुन्या कायद्यांमुळे काहीतरी रोख किंमत छापावीच लागते, म्हणून ती छापतात. मला त्या ओळीचं फार कौतुक वाटायचं. एवढ्याशा किमतीच्या कागदाचे मी दीड डॉलर करत होते.

पहिल्या वर्षभरात मी त्यात तरबेज झाले. रविवारी कापायचं, सोमवारी लावायचं, मंगळवारी तीन दुकानांची पत्रकं समोर घेऊन जुळणी करायची, बुधवारी आणि गुरुवारी फेऱ्या. आणि प्रत्येक पावतीच्या तळाशी दुकान छापून द्यायचं : 'यू सेव्हड', पुढे आकडा. त्या पावत्या मी वहीत चिकटवायचे. महिनाअखेरीला बेरीज करून नवऱ्याला सांगायचे, "या महिन्यात एकशे चौसष्ट." तो मनापासून कौतुक करायचा. एखाद्या महिन्यात आकडा खाली आला तर माझा दिवस जायचा. तेव्हा कळत नव्हतं, पण तो माझा पगार होता. पगाराची पावती असते तशीच ती पावती मी जपून ठेवत होते.

म्हणून कूपन कापणाऱ्या बायांना कुणी कंजूष म्हटलं, किंवा 'वेळेलाही किंमत असते हो' असं शहाणपण शिकवलं, की मला राग येतो. वेळेला किंमत तेव्हा असते, जेव्हा तो घेणारा कुणीतरी असतो. आईचं विमानाचं तिकीट मी त्याच वहीतल्या पैशांतून काढलं होतं. चार वर्षांत, दर महिन्याला थोडे बाजूला टाकून. तळघरातल्या पायरीवर तिच्यासमोर उभी राहून मी हे तिला बोलू शकले नाही. सांगितलं ते दोन दिवसांनी, चहा घेताना. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण तिचा प्रश्न काही मनातून जाईना.

आमच्या घरात साठवण मी लहानपणापासून पाहिलेली. एप्रिल-मे आला की वर्षाचा गहू भरायचा. ऊन द्यायचं, चाळायचा, एरंडेल चोळायचं, मधेमधे कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायचा. मिरच्या आणून देठं खुडून तिखट करून आणायचं. पापड, सांडगे, कुरडया. त्यामुळे भरलेलं कपाट मला परकं नव्हतंच. उलट इथे 'स्टॉकपाइल' हा शब्द ऐकला तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपली बेगमी. आईच्या त्या एका वाक्याने मला दोन्हींतला फरक दिसला. गहू भरायच्या आधी आई कागद घेऊन बसायची. माणशी महिन्याला साडेतीन किलो, पाच माणसं, बारा महिने. दोन क्विंटल दहा किलो. वर पाहुण्या-रावळ्यांसाठी वीस. त्या वर्षी गहू कितीही स्वस्त मिळो, आकडा तोच. माप खाणाऱ्या तोंडांचं होतं. माझ्या कपाटाचं माप मात्र पेपरात कोणती कूपनं आली त्यावर ठरत होतं. वर्षाला सहा पेस्ट लागणाऱ्या घरात एकतीस, मोहरीचं सॉस न खाणाऱ्या घरात नऊ बाटल्या.

आईने जाण्याआधी सहा पेस्ट मागे ठेवल्या, बाकीच्या पिशवीत भरल्या आणि आम्ही दोघींनी त्या जवळच्या चर्चच्या अन्नकोठीत नेऊन दिल्या. तिथल्या बाईंनी सांगितलं की डाळी-डबे पुष्कळ येतात, पेस्ट आणि साबण कुणी देत नाही. मला फार बरं वाटलं. पण मग मी पुढच्या आठवड्यात अन्नकोठीसाठी म्हणून आणखी आणायला लागले.

आणि एक गोष्ट मी फार उशिरा पाहिली. कूपन कशाकशावर येतं? नाश्त्याच्या खोक्यातल्या साखरेच्या लाह्यांवर, गोठवलेल्या पिझ्झ्यावर, फळांच्या गोड दह्यावर, सोड्यावर, शाम्पूवर, कपड्यांच्या साबणावर. म्हणजे जिथे कंपनी आहे, नाव आहे आणि नफ्याला जागा आहे तिथे. कंपनीचं गणित सरळ असतं. ज्याला सवड नाही तो पूर्ण किंमत देतो, ज्याला पैशाची ओढ आहे तो कात्री घेऊन बसतो आणि कमी देतो, एकाच वस्तूला दोन्ही गिऱ्हाइकं मिळतात. दुकानाला ते पैसे कंपनी परत करते, वर कूपनामागे हाताळणीचे आठ सेंट देते. छापलेल्या शंभर कूपनांतली जेमतेम एक-दोन वापरली जातात, बाकीची जाहिरात म्हणून डोळ्यांसमोरून गेली तरी कंपनीचं काम झालेलं असतं. आमच्या स्वयंपाकघरात रोज काय लागतं? तूरडाळ, पोहे, रवा, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, गूळ, मेथी, वांगी, कांदे, दूध. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणतो ते सगळं. त्यांतल्या एकावरही रविवारच्या पुरवणीत कधी कूपन आलं नाही.

तर माझ्या घरात झालं असं, की ज्यावर कूपन नाही ते मला महाग वाटायला लागलं. मेथीची जुडी हातात घेऊन मी परत ठेवलेली आहे, आणि त्याच दिवशी फुकटच्या जवळ मिळाले म्हणून गोड लाह्यांचे चार खोके आणलेले आहेत. लेक पोह्यांना नाक मुरडायला लागली. तिचा काय दोष? घरात जे होतं ते ती खात होती.

२०१५ च्या मेमध्ये नियम बदलला. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर एच-फोरवरच्या बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. मी पहिल्याच महिन्यात अर्ज केला. परवान्याचं कार्ड घरी आलं तेव्हा मी ते देवासमोर ठेवलं. त्या वर्षाअखेर एका छोट्या कंपनीत हिशोबनिसाची नोकरी लागली. सहा वर्षांनी.

एवढं झाल्यावर कूपनं आपोआप कमी व्हायला हवी होती. झाली नाहीत. सोमवार ते शुक्रवार नोकरी, आणि पूर्वी पाच दिवसांत पसरलेलं काम आता शनिवार-रविवारात. रात्री अकरानंतर कापायला बसायचं. सोडायचं मनात आलं तरी हात सोडत नव्हता. मंदीतल्या त्या वर्षांत याच हाताने घर सावरलं होतं, असं काहीसं वाटायचं. आज सोडलं आणि उद्या परवाना गेला तर?

३१ जानेवारी २०१६. रविवार. आदल्या आठवड्यात मोठं हिमवादळ होऊन गेलेलं, पार्किंगच्या कडांना माणसाच्या उंचीचे बर्फाचे ढीग काळे पडत चाललेले. दुकानांचा नवा सेल रविवारी सुरू होतो आणि पुष्कळ कूपनं महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाद होतात. त्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी आलं होतं. कपड्यांच्या साबणाची बाटली त्या दिवशी, फक्त त्याच एका दिवशी, जवळजवळ फुकट पडणार होती. पहिल्या दुकानात कपाट रिकामं. दुसऱ्यातही. तिसरं दुकान अकरा मैलांवर. तिथे बाटल्या होत्या, मी आठ घेतल्या. कॅशियर मुलीने चार कूपनं घेतली आणि पुढची परत केली, एका घराला चारच. मी बाइंडरमधून दुकानाच्याच नियमांचा छापील कागद काढून दाखवायला लागले. मागे रांग वाढत होती. एक म्हातारे गृहस्थ हातात दुधाचा कॅन घेऊन उभे होते, ते म्हणाले, "बाई, मी देऊ का तुमचे पैसे?" चेष्टा नव्हती त्यात, त्यांना खरंच वाटलं असावं की माझ्याकडे नाहीत.

चार बाटल्या घेऊन बाहेर आले. लेक मागच्या सीटवर तशीच, जॅकेटमध्ये, काही न खाता झोपून गेली. साडेआठ वाजले होते. गाडी सुरू केली आणि मला पुढे काय करायचं तेच सुचेना. रस्ता पाठ होता, तरी गिअर टाकायला हात उठेना. वीस मिनिटं मी तिथे बसून होते. घरी आले तेव्हा नवऱ्याने मुगाची खिचडी करून ठेवली होती. मी ताट पुढ्यात घेऊन रडले. तो काही विचारत बसला नाही, त्याने वर तूप वाढलं.

त्या रात्री मी बँकेत बसायचे तशी बसले आणि मागच्या महिन्याचा ताळेबंद मांडला. आठवड्याला कापणं, जुळवणं, फेऱ्या धरून नऊ तास. पावत्यांच्या तळाशी वाचल्याचे आकडे आठवड्याला ऐंशीच्या आसपास. पण त्यांतून एरवी घेतल्याच नसत्या अशा वस्तू वगळल्या की उरले अडतीस डॉलर. म्हणजे तासाला सव्वाचार. न्यू जर्सीत त्या वर्षी कमीत कमी मजुरी होती ८.३८. २०११ मध्ये हाच आकडा काढला असता तर मी त्याला नमस्कार केला असता, कारण तेव्हा माझ्या तासाला दुसरा भावच नव्हता. आता होता. आणि जो तास मी देत होते तो लेकीच्या झोपेतून आणि माझ्या पाठीतून जात होता.

कूपनं मी सोडलेली नाहीत. ती सोडणं मला पटतही नाही, इथे महागाई काही कमी झालेली नाही. क्रम मात्र बदलला. आधी यादी, मग कूपन. आईच्या पद्धतीची यादी : घरात काय संपलंय ते डबे उघडून बघायचं, आठवडाभर काय शिजणार ते ठरवायचं, मगच कागदावर लिहायचं. दुकान एक. दुसऱ्या दुकानात फक्त कूपनासाठी जायचं नाही, मग तिथे काहीही असो. शुक्रवारी रात्री फोनवर पंधरा-वीस मिनिटं बसते, यादीतल्या वस्तूंवर डिजिटल कूपन असेल तर ते दुकानाच्या सवलत-कार्डावर टाकते, नसेल तर पुढे. एखादं वापरायचं राहिलं आणि बाद झालं तर होऊ देते. सुरुवातीला हे फार जड गेलं, हातातून पैसे सांडल्यासारखं वाटायचं.

एक छोटी भाववही मात्र ठेवली आहे. त्यात आठच वस्तू, ज्या आम्हाला लागतातच आणि टिकतात : कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, पेस्ट, तेल, लोणी, डब्यातले टोमॅटो, डब्यातले काबुली चणे, टिश्यू. प्रत्येकीपुढे मी पाहिलेला सर्वांत कमी भाव. फडताळाच्या पट्टीवर पौंडाचा किंवा क्वार्टचा दर छापणं न्यू जर्सीत कायद्याने बंधनकारक आहे, मी तोच लिहिते. खोक्याचा आकार बघत नाही, मोठं खोकं दर वेळी स्वस्त पडतं असं नाही. वहीतला भाव दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो, हे एकदा लिहून पाहिल्यावर मनाची धावपळ पुष्कळ थांबली. आज हुकलं तर एप्रिलमध्ये येईल. शॉपराइट या इथल्या किराणा दुकानांचा जानेवारीतला डबेबंद वस्तूंचा 'कॅन कॅन' सेल १९७१ पासून चालू आहे, तो कुठे पळून जात नाही. त्यात मी वर्षभराचे टोमॅटो आणि चणे घेते, तोंडं मोजून. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आसपास बिनमिठाचं लोणी सर्वांत स्वस्त होतं. तेव्हा दहा-बारा पौंड आणून फ्रीजरमध्ये ठेवते आणि लागेल तसं कढवते. पौंडाला साधारण पाऊण पौंड तूप निघतं. तूप कढताना घरभर जो वास सुटतो त्याने लेक वरच्या मजल्यावरून खाली येते, बेरी खायला. आता ती पोहेही खाते.

पावती अजून वाचते. पण वरून वाचते, दिले किती ते. तळाचा आकडा बघायची सवय मोडायला दोन वर्षं लागली.

शेजारच्या आजी अजून तिथेच आहेत, नव्वदीच्या पुढे. न्यू जर्सीतल्या 'स्टार-लेजर' या पेपरचा छापील अंक २ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी, शेवटचा निघाला. त्या दिवशी त्यांनी मला बोलावून कॉफी दिली, टेबलावर पेपर नीट घडी घालून ठेवला होता. बाइंडर शेजारी. त्यांच्याकडे स्मार्टफोन नाही आणि घ्यायचाही नाही. डिजिटल भाव कपाटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, पण तो त्यांच्यासाठी नसतो, ही गोष्ट मला मनापासून खटकते. ज्यांना ते दोन डॉलर सर्वांत जास्त लागतात त्यांनाच ते मिळू नयेत? आता शुक्रवारी रात्री त्यांची चार ओळींची यादी माझ्या यादीखाली असते. मांजराचं खाणं त्यात सर्वांत वर.

आमचा शुक्रवार रात्रीचा नऊचा सुमार म्हणजे सांगलीत शनिवारची सकाळ. आईचा फोन याच वेळेला असतो, मी डबे उघडत असते, ती चहा घेत असते. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, भाऊ बंगळुरात. सांगलीतही आता मोठमोठी दुकानं आली आहेत, फोनवर मागवलं की घरपोच येतं, भाच्याने तिला तेही शिकवून ठेवलंय. परवा तिची यादी ती मला वाचून दाखवत होती. पोहे अर्धा किलो. तूरडाळ अर्धा किलो. गूळ पाव. शेंगदाणे पाव. मी इकडे लिहीत होते, ती तिकडे लिहीत होती.

"आणि पेस्ट," ती म्हणाली. "इथे दाखवतंय, तीनवर दोन फुकट आहेत."

"मग?"

"मग काय. एकच टाकली," आई म्हणाली. "एकटीच आहे ना मी."